पंचफुलामावशी आणि सहा लायनी

आधीच माफी मागून ठेवतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कागदावर जे काही उमटलं, ते कुठल्यातरी दरखास्तीच्या तळाशी उमटलं. आजोबांचा अंगठा आणि बाबांची सही, तीही तीन अक्षरांची. मी तेलंगणातल्या आदिलाबादच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढे तेलुगू मीडियम, आता इंग्रजी. म्हणजे तीन भाषांत मी थोडा थोडा कच्चा आहे. तरीही पंचफुलामावशीबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे असं मला वाटतं. ज्यांना चांगलं लिहिता येतं त्यांनी मावशीला पाहिलेलं नाही, म्हणून हे माझ्याकडे आलं. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

मावशीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती भर उन्हात अनवाणी उभी होती आणि तिच्या दोन चपला दोन वेगवेगळ्या लायनीत उभ्या होत्या.

हे जरा समजावून सांगतो. आमच्या भीमपूर मंडलात, म्हणजे तुमच्या तालुक्यासारखं, युरियाची गाडी येणार असं कळलं की सोसायटीपुढे पहाटेच लाईन लागते. पण माणसं काही सगळा वेळ उभी राहत नाहीत. आपल्या जागी चप्पल ठेवतात आणि लिंबाखाली जाऊन बसतात. लाईन सरकली की मागचा माणूस पुढची चप्पल पायानं पुढे ढकलतो. ज्याच्याकडे जास्तीची चप्पल नाही तो दगड ठेवतो, दगडाखाली जमिनीच्या पासबुकाची झेरॉक्स. आमच्याकडे चप्पल चोरीला जाऊ शकते, पण चपलेचा नंबर कोणी चोरत नाही.

तर त्या दिवशी मावशीची डावी चप्पल युरियाच्या लायनीत होती. उजवी, शंभर पावलांवरच्या बँकेच्या पायरीवर. आणि मावशी स्वतः समोरच्या रेशन दुकानाच्या लायनीत, पदर कमरेला खोचून, तिन्हीकडे नजर ठेवून.

"मावशी, पाय भाजत नाहीत का?" मी विचारलं.

"भाजते ना बापा. भाजलं की माणूस जागा राह्यते. चप्पल घालून उभा राह्यला की झोप लागते."

यातलं एकही काम तिचं स्वतःचं नव्हतं. तिला शेत नाही, त्यामुळे युरियाशी तिचा संबंध नाही. युरिया शेजारच्या किसनकाकांचा होता, बँकेचं काम एका म्हातारीच्या पेन्शनचं, आणि रेशन आमचं. माझी आई त्या दिवशी तापानं झोपली होती.

मावशीचा नवरा गावच्या शाळेत अटेंडर, म्हणजे शिपाई, होता. तो लवकर गेला. मावशीनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून मुलाला शिकवलं. मुलगा मिलिंद, आमचा मिलिंददादा. त्याच्या जातीच्या दाखल्याची, उत्पन्नाच्या दाखल्याची, स्कॉलरशिपची, हॉल तिकिटाची, प्रत्येक कागदाची लाईन मावशीनं लावली, कारण त्या वेळात पोरगं अभ्यास करेल. अशी तिला लायनीची सवय लागली आणि मग त्यातली विद्या आली. दादा हैदराबादला गेला, तिथून अमेरिकेला गेला, पण मावशीच्या लायनी काही सुटल्या नाहीत. गावात कोणालाही कुठे उभं राहायचं असलं की तो आधी मावशीच्या दारात उभा राहतो.

तिच्या विद्येचं मूळ सूत्र एकच आहे: "हात पाह्याचा, तोंड नाई."

म्हणजे असं. आपण सगळे जी लाईन लहान दिसते तिच्यात घुसतो. मावशी लाईन पाहतच नाही. ती खिडकीतल्या माणसाचा हात पाहते. प्रत्येक कागदाला बोट ओलं करणारा असेल तर तिकडे जायचं नाही. ज्याच्यापुढे आत्ताच चहा आला त्याला दहा मिनिटं सोडून द्यायचं. फोनवर बोलत असेल, पण हात मुहर, म्हणजे शिक्का, मारत असेल, तर तो सोन्यासारखा माणूस. "तोंड चालू दे त्याचं. तोंडानं थोडीच काम होते?" आणि लेकुरवाळ्या बायांच्या मागे उभं राहायचं, कारण लेकरू रडलं की मुहर लवकर पडते. पिशवीत कागद सुतळीनं बांधून आणलेल्या म्हाताऱ्याच्या मागे मात्र कधीही नाही. "त्याची गाठ सुटस्तोवर कचेरी बंद होते."

हे मी हसत ऐकायचो. पण माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनच्या वेळी तिनं मला ज्या खिडकीपुढे उभं केलं, तिथून मी बाकीच्यांच्या तासभर आधी बाहेर पडलो, हेही लिहिलं पाहिजे.

आता खरी गोष्ट.

या उन्हाळ्यात मिलिंददादाचा फोन आला. काळ्या मातीत पाणी किती दिवस टिकतं यावर त्याची पीएचडी पूर्ण झाली होती. समारंभ होता, मंचावर नाव घेऊन पदवी देणार होते आणि त्याला त्या वेळी आई समोर पाहिजे होती. व्हिसा झाला. तिकीट झालं. मग दादानं मला एकट्याला फोन केला.

"गजू, एक अडचण आहे. आईला अमेरिकेत उतरून दुसरं विमान पकडायचं आहे. मध्ये फक्त एक तास चाळीस मिनिटं आहेत."

मला वाटलं, एक तास चाळीस मिनिटांत आदिलाबादहून नेरडीगोंडा गाठून चहासुद्धा होतो. मी तसं म्हटलंही. मग दादानं समजावलं. अमेरिकेत ज्या गावी पहिल्यांदा उतरतो तिथेच सगळी तपासणी होते. पासपोर्ट दाखवायचा, आपली बॅग पट्ट्यावरून उचलायची, कस्टममधून न्यायची, पुन्हा विमानवाल्यांच्या ताब्यात द्यायची, पुन्हा अंगाची तपासणी, आणि मग दुसऱ्या विमानाचं गेट. ते विमान सुटलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी दुपारी. समारंभ सकाळी दहाला.

"दुसरं तिकीट नाही मिळालं का दादा?"

"आधीच्या दिवसांची भरली. उरलेली सगळी समारंभानंतर पोहोचतात." तो म्हणाला, "माझं नाव घेतील ते दोन सेकंद असतील रे. पण माझा एक दाखला असा नाही ज्याच्यासाठी ती उभी राहिली नाही. हा एकच कागद मी तिच्याशिवाय घ्यायचा का?"

मी कॉलेजच्या लायब्ररीत बसून दोन दिवस विमानतळांचे व्हिडिओ पाहिले. मग ड्रॉइंग शीटवर नकाशा काढला. बाण लाल, खिडक्या निळ्या. तो घेऊन मावशीकडे गेलो. हिला कसं सांगायचं, ही घाबरून जायचंच रद्द करेल, असं मला वाटत होतं.

मी शीट अंथरली. एकेक टप्पा सांगितला. मावशी बोटावर मोजत होती.

"म्हंजे सहा लायनी?"

"हो मावशी."

"एकामागं एक?"

"हो."

"एक घंटा चाळीस मिनिटात?"

"हो, पण तू काळजी नको..."

मावशीचा चेहरा एकदम फुलला. दिवाळीला माहेरचा माणूस आल्यावर बायांचा चेहरा होतो तसा. "सहा," ती म्हणाली, "इथं भीमपुरात कवा तीनाच्या वर गेल्या नाईत."

त्या दिवसापासून ती दुसरं काही बोलेना. सकाळी मी ब्रश करत असलो तरी कुंपणापलीकडून विचारायची, "गजू, पट्ट्याजवळ लाईन असते का नुसती गर्दी?" नुसती गर्दी असते असं म्हटल्यावर ती गंभीर झाली. "मंग थेच धोक्याचं हाय. लायनीले इमान असते. गर्दीले नसते."

दादानं सुचवलं की चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवू. म्हातारी माणसं खुर्चीत बसतात, विमानतळाचा माणूस ढकलत नेतो, सगळीकडे पुढे घेतात. मी मावशीला हे सांगितलं.

"काऊन? म्या काय लंगडी हाय?"

"लंगडं असायला नको मावशी. खुर्चीवाल्यांना लाईन नसते. सरळ पुढे नेतात."

"म्हंजे लाईन तोडाची?"

"तोडायची म्हणजे..."

"गजू, तू कॉलेजात जाते ना बापा? थेच शिकून राह्यला का तिथं?"

खुर्चीचा विषय तिथे संपला.

रविवारी विहाराच्या अंगणात आम्ही तालीम केली. चुन्यानं सहा रेघा मारल्या. किसनकाका पासपोर्टचे अधिकारी, माझी बहीण कस्टम, शाळेचे गुरुजी गेटवर, आणि मी सामानाचा पट्टा. म्हणजे मी मावशीची बॅग डोक्यावर घेऊन अंगणाला गोल फेऱ्या मारायच्या आणि तिनं ती ओळखून उतरवायची. किसनकाकांनी इंग्रजी म्हणून तोंडाला येईल ते विचारलं आणि शेवटी न राहवून हसले. मावशीनं तालीम थांबवली.

"ऑफिसर हासते का कवा? हासाचं असंल तं घरी जा भाऊ."

"बरं बाई, नाई हासत. काऊन आली तू अमेरिकेत?"

"पोराचा कागद पाह्याले."

"किती दिवस राह्यशीन?"

"तीन महिने. तुह्या घरी नाई राह्यत, घाबरू नको."

हे दुसरं वाक्य तिथे म्हणायचं नाही, असं मी तिला तीनदा बजावलं.

सहाही लायनी तिनं बावीस मिनिटांत संपवल्या आणि नाराज झाली. "चार चार माणसाची काय लाईन असते? हे पोरखेळ हाय." मंगळवारी तिनं खरी परीक्षा घेतली. बँक, रेशन आणि दाखल्याची खिडकी, एक तास चाळीस मिनिटांत. मी मोबाइलवर वेळ लावून मागे मागे फिरलो. रेशन झालं, दाखला झाला, बँकेत खिडकीपुढे तीन माणसं उरली असताना नेट गेलं. मावशीनं निकाल दिला, "अमेरिकेत नेट जात नसंल तं पोचते मी."

खाण्याच्या वस्तूंबद्दल मी तिला एकच सांगितलं होतं. लपवायचं नाही. विचारलं की दाखवायचं. जवसाची चटणी, तिळाची चटणी, ज्वारीच्या पापड्या, सगळ्याची मी इंग्रजीत यादी करून दिली. आणि दुसरी गोष्ट मी फार जोर देऊन सांगितली: "मावशी, विमानतळावर आपलं सामान सोडून कुठे जायचं नाही. सोडलेलं सामान दिसलं की पोलीस येतात."

"सामान काऊन सोडू मी?"

दादानं बूट घ्यायला सांगितलं होतं, कारण तिथे चालायचं खूप असतं. मावशी बूट घालून अंगणात दोन फेऱ्या मारून आली आणि काढून ठेवले. म्हणाली, "बूट लायनीत ठेवला तं बरा नाई दिसत." मी हसलो. मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

हैदराबादला तिला सोडायला मीच गेलो. काचेच्या दारापाशी आत जाण्याची लाईन होती. मावशीनं पिशवी खांद्यावर घेतली, दोन्ही दारांवरच्या शिपायांचे हात पाहिले, आणि लांबवाली लाईन धरली. माझ्याकडे वळून पाहायचं ती विसरली. खरं सांगतो, मला थोडं वाईट वाटलं आणि थोडा आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे सकाळचे साडेपाच वाजले तेव्हा अमेरिकेत रात्र होऊ लागली होती आणि मावशीचं विमान उतरलं होतं. मोबाइलवर ते हिरव्या अक्षरात दिसलं. मी पायरीवर बसलो. आई चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला. सहा वाजता मी मनात म्हटलं, पासपोर्ट झाला असेल. साडेसहाला म्हटलं, बॅग मिळाली असेल. किसनकाका दात घासत घासत आले. "कुठवर आली?"

"माहीत नाही काका. कस्टममध्ये असेल."

"तुही बहीण तिथं असती तं सोडलं असतं तिनं," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

सात वाजून दहा मिनिटांनी दुसरं विमान वेळेवर सुटलं. मोबाइल एवढंच सांगतो. विमान सुटलं हे सांगतो, आत कोण आहे हे सांगत नाही. साडेआठला ते पोहोचल्याचं दिसलं. मी दादाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. साडेनऊपर्यंत मी सतरा वेळा लावला. गावातली निम्मी माणसं येऊन विचारून गेली आणि प्रत्येकाला मी "येईल, येईल" म्हटलं.

घरी बसवेना. खात्याला आधार जोडायचं माझं एक काम बाकी होतं, म्हणून भीमपूरला बँकेत गेलो. लाईन होती. मी हात पाहिला, बरा वाटला, उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या मॅडमनं मान वर केली. त्या तिकडच्या वरंगलच्या, आमच्याशी हिंदीत बोलतात.

"तुम उसी गाँव के हो ना? पंचफुलम्मा नहीं आई इस हफ्ते?"

मी सांगितलं की ती अमेरिकेला गेली. मॅडम फार खूश झाल्या, शेजारच्या खिडकीतही सांगितलं. मी म्हटलं, "आता तुमची थोडी लाईन कमी होईल. सगळ्या गावाची कामं तीच घेऊन यायची."

"काम?" मॅडम म्हणाल्या. "कभी कभी काम रहता. बाकी दिन कुछ काम नहीं रहता अम्मा का."

मला नीट समजलं नाही. त्यांनी माझा फॉर्म ओढून घेतला आणि शिक्का मारता मारता सांगितलं. मावशी आठवड्यातून तीन-चार दिवस येते. लायनीत उभी राहते. पुढच्याशी बोलते, मागच्याशी बोलते, कोणाचं लेकरू धरते. खिडकीजवळ पोहोचली की मागच्या माणसाला म्हणते, जा बापा तू आधी. आणि जाऊन पुन्हा शेवटी उभी राहते. असं दोन-तीन वेळा. जेवणाच्या सुट्टीला घरी जाते.

"मैंने एक दिन पूछा," मॅडम म्हणाल्या. "बोली, घर में आगे कोई नहीं, पीछे कोई नहीं. यहाँ दोनों हैं." मग त्यांनी फॉर्म परत दिला. "हो गया तुम्हारा. नेक्स्ट."

मी बाहेर आलो. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत आम्ही मावशीला किती लायनी दिल्या याचा आम्हाला अभिमान होता. ती कामाची बाई आहे, असं आम्ही म्हणायचो.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला फोन वाजला. दादाचा नंबर, पण आवाज मावशीचा.

"गजू, झोपला होता का?"

"मावशी! कुठे आहेस?"

"कुठं म्हंजे? मिलिंदाच्या घरी. त्याचा फोन बंद पडला, अन् आमी दोघं बी झोपून गेलो. आता उठलो. थो आंघोळीले गेला. दहाले कार्यक्रम हाय ना."

मी आईला हातानं खूण केली, आई रस्त्यावर जाऊन ओरडली, आणि दोन मिनिटांत अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. मी फोन स्पीकरवर टाकला. मावशीनं पहिल्यापासून सांगितलं.

"दहा खिडक्या होत्या बापा. सगळे लहान लायनीत पळाले. म्या हात पाह्यले. एक टकल्या सायेब, खाली मान, हात कसा शिवणाच्या मशिनीवानी. त्याचीच लाईन लांब. म्या तिच्यात. पाह्यता पाह्यता पुढं. मंग त्यानं बोटं ठेवाले लावले काचीवर. माह्ये बोटं उमटेनात."

"काऊन?" किसनकाका ओरडले.

"कापूस वेचून रेघा राह्यल्यात कुठं भाऊ? रेशनच्या मशिनीत बी नाई उमटत. म्या डोक्यावरून हात फिरवला, तेल लागलं बोटाले, अन् दाबले. उमटले. थो सायेब हासला."

"पाह्य, ऑफिसर हासते," काका म्हणाले.

"मंग बॅगीचा पट्टा. बॅग येईना. सगळ्याच्या आल्या, माही येईना. अन् तिकडं कस्टमची लाईन वाढून राह्यली. मंग काय करू? म्या चप्पल ठेवली."

"मावशी, मी तुला सांगितलं होतं ना, सामान सोडायचं नाही?"

"सामान कुठं सोडलं? चप्पल काय सामान असते? अन् एकच ठेवली."

"मग?"

"मंग एक पोलिसवाला आला. चपलेकडं पाह्यलं. खाली वाकला. बॅटरी मारली. थ्या डब्ब्यात काई बोलला. म्या म्हणलं गेली चप्पल. पण माह्या जागेच्या मागं एक बाई होती, डोक्याले रुमाल बांधलेली, कोण्या मुलुखाची काय माहीत. तिनं त्याले माह्याकडं बोट दाखवलं, काई सांगतलं. अन् लाईन सरकली तशी पायानं माही चप्पल पुढं ढकलली. बरोब्बर आपल्यासारखी. तिच्या गावात बी युरिया भेटत नसंल."

इतकी माणसं एकदम हसली की पुढचं काही ऐकू आलं नाही. शेवटी बॅग आली, कस्टममध्ये अधिकाऱ्यानं चटणीचा डबा उघडून वास घेतला आणि चार वेळा शिंकला, एवढं समजलं. अंगाच्या तपासणीला सगळेच आपापल्या वस्तू ट्रेमध्ये ठेवून लायनीत पुढे ढकलत होते, तिथे मावशीला अगदी घरच्यासारखं वाटलं. गेटवर ती पोहोचली तेव्हा दार लागायला सहा मिनिटं होती.

"पण गजू, तू फसवलं मले," ती म्हणाली. "सहावी लाईन नव्हतीच. सगळे चढून गेल्ते. पाचच झाल्या."

मी बँकेत गेलो होतो, हे तिला सांगितलं नाही.

समारंभाचे फोटो दुसऱ्या दिवशी आले. दादा लांब काळ्या झग्यात, मावशी निळ्या साडीत. कसं वाटलं असं आईनं विचारलं तेव्हा मावशी पदवी देणाऱ्या मोठ्या साहेबांबद्दलच बोलत राहिली. "हाताचा लय चांगला माणूस. एवढ्या पोरायले कागद देल्ले, एकदा बी बोट ओलं नाई केलं. आपल्या बँकेत पाह्यजे होता." दादाचं नाव घेतलं तेव्हा काय झालं हे तिनं सांगितलं नाही. दादानं सांगितलं. तिनं टाळ्या वाजवल्याच नाहीत, दोन्ही हातांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरून ती नुसती उभी होती, आणि मागच्यांनी बसायला सांगितलं तरी बसली नाही.

त्यानंतर तिचे फोन लहान होत गेले. दादाला नवी नोकरी लागली होती, तो सकाळी सातला जायचा. "काय करतेस मावशी?" विचारलं की म्हणायची, "बसली हाय." बाजाराचं विचारलं तर म्हणाली, सामान दारात येऊन पडतं, आणणारा तोंड दाखवत नाही. दुकानात गेलं तरी आपणच मशिनीला सामान दाखवायचं आणि निघायचं. बँक तर फोनातच आहे. मी विचारलं, आवडलं का तिथे? ती म्हणाली, "लय साफ हाय."

परवा दादाचा मेसेज आला. तो इथे तसाच उतरवतो.

"गजू, आईचं परतीचं तिकीट काढलं. पुढच्या महिन्यात येते. दिल्लीत उतरून हैदराबादचं विमान. दोन तासांचं चांगलं कनेक्शन मिळत होतं, ती नको म्हणाली. यादीतलं सगळ्यात लांबचं निवडलं, साडेसात तासांचं. मी म्हटलं, तपासणी, बॅग, कस्टम, सगळं दीड-दोन तासांत होतं, उरलेला वेळ काय करशील? तर म्हणाली, राहू दे ना, तिथं माणसं असतील. मला वाटतं येताना जी धावपळ झाली तिला ती घाबरली. तुला काही बोलली का?"

मी बरंच काही टाइप केलं. खोडलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं.

शेवटी लिहिलं, "नाही दादा. मला काही बोलली नाही. पण साडेसात तासांचंच राहू दे. मी दिल्लीपर्यंत घ्यायला येतो."